मनाचा पंचनामा



दिवसभराचे ऊन अंगावर काढून आपण या संध्याकाळी इतक्या संख्येने येथे जमलात, हे मराठवाड्याच्या रसिकतेला साजेसेच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, अशी रीत आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली. नांदेडच्या मोंढ्यात पोती वाहिली, पुढे लातूरच्या आडत बाजारात हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम पत्करले आणि त्यातच पंचावन्नाव्या वर्षापर्यंत आलो. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, रात्री दिवे मालवायच्या आत. अशा माणसाने मानसशास्त्रावर बोलावे हे धाडसच आहे. पण मी त्या शास्त्राच्या सिद्धान्तांवर बोलणार नाही. ते शास्त्र ज्या सामग्रीवर उभे राहते, तिच्याविषयी बोलणार आहे. माणसाच्या मनात काय चालले आहे हे शोधायचे, तर संशोधकाच्या हाती पुरावा कोणता असतो, आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, एवढाच माझा विषय.

या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही. एका कागदावर केलेल्या सहीमुळे आलो. ती हकीकत आधी सांगतो.

2007 सालची गोष्ट. आमच्या संघटनेचा एक सभासद होता. सुगीचे चार-सहा महिने लातूरला हमाली करी, पावसाळ्यात गावी जाऊन दोन एकर कोरडवाहू जमीन कसी. त्या वर्षी श्रावणात त्याने आपले जीवन संपवले. निरोप मिळताच मी गावी गेलो. पोलिसांचे जमादार पंचनामा करीत होते आणि त्यांना दोन पंच हवे होते. दुसरा पंच म्हणून त्यांनी मला बसवले. तेवढ्यात मयताच्या थोरल्या भावाने मला बाजूला घेतले आणि हात जोडले. म्हणाला, "दादा, घरात लग्नाची पोर हाय. कर्जाचं लिवलं तर सावकार दारात बसंल. मनाचं लिवलं तर सोयरीक व्हायची न्हाई. पोटदुखीचं सांगा." मी दोन महिने त्या माणसाला जवळून पाहत होतो. तो जेवत नव्हता, रात्र रात्र जागा असे, मोंढ्यात पोत्यावर बसून एकाच जागी पाहत राही. हे सारे मला ठाऊक होते. तरी मी मान हलवली. जमादाराने आम्ही सांगितले तेच लिहिले, "पोटदुखीच्या आजारास कंटाळून." धंद्याच्या जागी "मजुरी" पडले, कारण जमीन बापाच्या नावावर होती. खाली मी सही ठोकली.

पुढे त्याची विधवा सरकारी मदतीसाठी अर्ज घेऊन गेली. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात तेव्हा एक लाख रुपयांची मदत मिळे. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे हवे, आणि नापिकी, थकलेले कर्ज किंवा वसुलीचा तगादा हे कारण दिसायला हवे. पंचनाम्यात तर पोटदुखी. प्रकरण "अपात्र" ठरले. सावकार बिगरपरवान्याचा होता, त्यामुळे खरे लिहूनही मदत मिळाली असती की नाही कोण जाणे. पण दार आधी बंद केले ते माझ्या सहीने, हे मी विसरू शकलो नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनालयात आत्महत्यांच्या सरकारी तक्त्याचे पुस्तक माझ्या हाती आले. त्यात कारणांचे रकाने होते: कौटुंबिक अडचणी, आजार, कर्जबाजारीपण वगैरे. "आजार" या रकान्यातला आकडा मोठा होता. त्या मोठ्या आकड्यात एक आमचा होता. तो मी घातलेला होता. कोणी विद्वान त्यावरून म्हणेल, की या भागात माणसे दुखण्याला कंटाळून जीव देतात, आणि त्याची बेरीज बिनचूक असेल. त्या दिवसापासून माणसाच्या मनाविषयी कोणताही आकडा समोर आला, की मी तीन प्रश्न विचारतो. विचारले कोणी? सांगितले कोणी? लिहिले कोणी?

आता शास्त्राकडे वळू. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या पुराव्याला "प्रदत्त" असा भारदस्त शब्द आहे. हल्ली सारेच "डेटा" म्हणतात. मी आपला "साक्ष" म्हणतो. गहू-तुरीला काटा आहे, तापाला पारा आहे. मनाला थेट लावता येईल असे माप अजून निघालेले नाही. म्हणून मनाविषयी जे कळते ते साक्षीदारांकडून कळते. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या साक्षींचे तीन वर्ग पाडले. आयुष्याच्या नोंदींतून मिळणारी एक, माणसाने प्रश्नांना स्वतः दिलेल्या उत्तरांची दुसरी, आणि कसोटी लावून मिळणारी तिसरी. पुढच्या अभ्यासकांनी ओळखीच्या माणसांची साक्ष वेगळी काढली. असे चार साक्षीदार झाले: माणूस स्वतः, त्याच्या जवळचे लोक, दप्तर, आणि पाहणाऱ्याचा डोळा. यांची एकेकाची उलटतपासणी करू.

पहिला साक्षीदार माणूस स्वतः. याच्याइतका जाणकार दुसरा कोण? आपल्या काळजात काय सलते ते दुसऱ्याला कसे कळणार? म्हणून बहुतेक संशोधन प्रश्नावलीवर चालते. 1932 साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन संशोधकाने एक सोपी युक्ती काढली. एक विधान वाचून दाखवायचे आणि पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत अशा पाच पायऱ्यांवर उत्तर घ्यायचे. पायऱ्यांना गुण दिले की मताची बेरीज करता येते. युक्ती इतकी सोयीची, की आज जगभर तीच चालते.

ती एकदा आमच्या मोंढ्यातही आली. एका महाविद्यालयाची चार मुले कागद घेऊन आली. "मी माझ्या कामात समाधानी आहे," असे पहिले विधान. आमचे हमाल एकामागून एक सांगत सुटले, "पूर्ण सहमत." मी चकित झालो. त्याच आठवड्यात हमालीच्या दरासाठी आम्ही काम बंद ठेवले होते! संध्याकाळी एका म्हाताऱ्या पल्लेदाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पोरं आडत्याच्या गादीवर बसून लिवत व्हती. कागद कुणाकडं जाणार, कुणाला ठावं?" मुलांची काही चूक नव्हती, सावली पाहून ती तिथे बसली होती. पण जागेनेच उत्तर ठरवून टाकले होते. मुलांना वाटले आपण समाधान मोजले. त्यांनी मोजली ती धास्ती.

दुसरी अडचण भाषेची. आमचा माणूस "मला नैराश्य आले आहे" असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, जीव लागत नाही. घास गोड लागत नाही. डोकं सुन्न झालंय. बाई म्हणते, छातीत धडधडतं, हातापायातलं बळ गेलंय. शहरी पुस्तकातला प्रश्न जसाच्या तसा विचारला तर ती "नाही" म्हणेल, आणि ते तिच्या परीने खरेच असेल. 2015 साली राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनःस्थितीविषयी ठरलेले प्रश्न विचारायचे होते. आशाताईंच्या मोर्च्यांत मी पुष्कळदा सामील झालो आहे, म्हणून त्यांच्याकडून ऐकले ते सांगतो. एक ताई म्हणाली, "भाऊ, कागदावरचा प्रश्न विचारला की समदे बरं हाय म्हणतात. चुलीपाशी बसून 'झोप लागती का बाई?' विचारलं, की रडायला लागतात." मंडळी, हाच शास्त्राचा गाभा आहे. ठरलेल्या प्रश्नाचे उत्तर मोजता येते, एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येते. मोकळ्या बोलण्यातून खोली कळते, पण त्याची बेरीज करणे अवघड. एकाला संख्यात्मक सामग्री म्हणतात, दुसऱ्याला गुणात्मक. त्यांत मोठे-धाकटे नाही. आकडा सांगतो किती, शब्द सांगतो काय.

दुसरा साक्षीदार म्हणजे जवळची माणसे. माणूस हयात नसेल, किंवा बोलण्याच्या अवस्थेत नसेल, तर बायकोला, भावाला, मित्राला विचारावे लागते. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची एक पद्धत बसवली. मृत्यू अपघाती की आत्महत्येचा, असा संशय असेल तेथे आप्तांना सविस्तर भेटून त्या माणसाचे शेवटचे दिवस पुन्हा उभे करायचे. तिला मानसशास्त्रीय शवपरीक्षा म्हणतात. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयापुढे शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न आला, तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेने 2005 साली आपला अहवाल सादर केला. त्या अभ्यासातही गावोगाव जाऊन मागे राहिलेल्या माणसांशी बोलणे भागच होते, कारण मुख्य साक्षीदार निघून गेला होता.

या साक्षीदाराचा गुण असा, की माणूस स्वतःविषयी जे लपवतो ते घरच्यांना दिसते. दोष असा, की घरच्यांना उद्याही त्याच गावात राहायचे असते. आमच्या त्या भावाला खोटारडा म्हणण्याची माझी छाती नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पुतणीचे लग्न होते. शिवाय कायद्याचेही भय असे. आत्महत्येचा प्रयत्न हा कित्येक पिढ्या गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे धरून चालावे असे म्हटले, आणि 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता लागू झाली तेव्हा तो जुना गुन्हा पुस्तकातून गेला. पण जे कलम पुस्तकातून जाते ते मनातून लगेच जात नाही. वाचलेल्या माणसालाही घरचे लोक अजून "चुकून झालं" असेच सांगायला लावतात.

तिसरा साक्षीदार दप्तर. शाळेचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर, पोलिसांची डायरी, तलाठ्याचा सातबारा. या साक्षीदाराला लाज नाही, भीड नाही, विसर नाही. म्हणून विद्वानांचा त्याच्यावर फार जीव. एमिल दुर्खीम या फ्रेंच पंडिताने 1897 साली आत्महत्येवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो याच सरकारी नोंदींच्या आधारावर. माणसाचे खाजगी दुःखदेखील समाजाच्या घडणीशी बांधलेले असते, हे त्याने त्या आकड्यांतून दाखवले. हा मोठाच विचार. पण सत्तर वर्षांनी, 1967 साली, जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकाने विचारले, की त्या नोंदी झाल्या कशा? ज्या समाजात आत्महत्या हे पाप मानतात तेथे घरचे ती लपवतात. मग तेथे आकडा कमी दिसला, तर तो मनःशांतीचा पुरावा की लपवाछपवीचा? ग्रंथालयात हे वाचताना मला त्या पंचनाम्यावरची माझी सही दिसली.

आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2013 साली शेतीवर स्वतःचा उदरनिर्वाह करणाऱ्यांच्या आत्महत्यांचा देशाचा आकडा 11,772 होता. 2014 साली शेतकऱ्यांचा आकडा 5,650 झाला. एका वर्षात दुःख अर्ध्याहून कमी झाले काय? नाही. त्या वर्षी रकाने बदलले. शेतमजूर वेगळे मोजले गेले, ते 6,710 होते. दोहोंची बेरीज 12,360 होते. शेतात तेच ऊन, सावकाराच्या वहीत तेच व्याज. बदलली ती फक्त वहीतली रेघ. आणि ज्या बाईने जन्मभर खुरपे चालवले, पण सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, ती तक्त्यात बहुधा "गृहिणी" होते. तिचे शेतकरीपण दप्तराला दिसतच नाही.

दप्तर खोटे बोलते असे माझे म्हणणे नाही. दप्तर फक्त रकान्याएवढेच बोलते. आणि कधी तर रकानाच नसतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. ते मोलाचे काम आहे. प्रौढांमध्ये शंभरात दहाहून थोड्या अधिक माणसांना त्या वेळी मनाचा काही ना काही विकार होता, असे त्यात आढळले. पण ते बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा तो आकडा सांगून कोणी लातूर-नांदेडचे निदान करू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे.

चौथा साक्षीदार म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. माणूस काय म्हणतो ते सोडा, काय करतो ते पाहा. कामगार चळवळीतल्या माणसाला या साक्षीदाराची ओळख आधीपासून असते. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. ते सांगत, हातात घड्याळ घेऊन साहेब खात्यात शिरला की सगळ्या खात्याचा हात आपोआप बदले. काम वाढवून दाखवावे तर उद्यापासून तेवढेच मागतील. कमी दाखवावे तर नोकरी जाईल. म्हणून सगळे एका चालीने चालत. साहेब लिहून घेई आणि समजे, की हीच कामगाराची चाल.

हीच गोष्ट अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात मोठ्या प्रमाणावर अनुभवास आली. आधी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. पुढे काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांती, कामाचे तास आणि मजुरी बदलत त्यांचे काम मोजले. काम वाढत गेले, तेव्हा वाढीचे श्रेय सुट्टीला द्यावे, मजुरीला, की आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या भावनेला, यावर पंडितांचा वाद जुंपला. शेवटी शेवटी चौदा पुरुषांच्या एका खोलीत निरीक्षक बसवला. त्याला असे दिसले, की दिवसाचे काम किती करायचे हे कामगारांनी आपसांत ठरवून घेतले आहे आणि जो अधिक करील त्याला बाकीचे सरळ करतात. माझ्या वडिलांना हे शिकायला शिकागोला जावे लागले नसते! पण मला त्या प्रयोगातली निराळीच गोष्ट भावते. त्यांनी एकवीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आधी ठरलेले प्रश्न होते. कामगार प्रश्न सोडून भलतेच बोलत. मग मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न गुंडाळले आणि म्हटले, तुम्हाला हवे ते बोला. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली, आणि तेव्हा कुठे कामगाराचे मन कळू लागले.

डोळ्याच्याच जोडीला कसोटी येते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली मुलांच्या बुद्धीसाठी कसोटी तयार केली. आपल्या भागात धारवाडच्या डॉ. व. वि. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ती नव्याने बसवली आणि 1940 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या कामाचा धडा असा, की परक्या मुलासाठी केलेला प्रश्न आपल्या मुलापुढे तसाच ठेवला तर ती परीक्षा बुद्धीची होत नाही, परक्या रीतींच्या माहितीची होते. आमच्याकडे सही न येणारा हमाल पाठीवर पोते घेताच सांगतो, "दोन किलो कमी हाय," आणि काट्यावर ते खरे ठरते. कागदी कसोटीत त्याला शून्य मिळेल. आणि लातूर पॅटर्नच्या या गावात मी हेही सांगितले पाहिजे, की पोराच्या गुणपत्रिकेवरचा आकडा त्या दिवशीच्या तीन तासांची साक्ष देतो. पोराच्या मनाची साक्ष तो देत नाही. बापाने ती गुणपत्रिकेत शोधू नये, पोराजवळ बसून घ्यावी.

हे चारही साक्षीदार एका ठिकाणी उभे राहिलेले मी पाहिले ते किल्लारीला. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे निजली आणि 30 तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. नांदेडच्या मोंढ्यातून धान्याच्या ट्रकबरोबर आम्ही काही हमाल गेलो. मी तेव्हा ऐन पंचविशीच्या आत होतो.

पोती उतरवता उतरवता मी पाहत होतो. कागद घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. कोणी सरकारी, कोणी संस्थेचे, कोणी वर्तमानपत्राचे. एक म्हातारी दिवसातून पाचव्यांदा सांगत होती, घरातले कोण कोण गेले. पहिल्यांदा सांगताना ती हंबरडा फोडत होती. पाचव्यांदा ती नावे पाढ्यासारखी म्हणत होती. शेवटी लिहिणाऱ्याने कदाचित टिपले असेल, "स्त्री शांत आहे." पाहणाऱ्याचा डोळा असा फसतो. तेव्हा मला हे शब्दांत मांडता आले नसते, आज येते.

पुढे डॉक्टरांनी तेथे जाऊन शास्त्रीय अभ्यास केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेमार्फत त्या भागातल्या मानसिक आरोग्याचे काम पाहिले. 1996 साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या एका नियतकालिकात किल्लारीच्या भूकंपाविषयी एक छोटा अहवाल आला. भूकंपानंतर महिन्याभराने तपासलेल्या माणसांत निम्म्याहून अधिक जणांना मनाचा विकार दिसला. स्त्रियांत आणि घरदार गेलेल्यांत तो अधिक होता. तपासलेली माणसे थोडी, म्हणून लिहिणाऱ्यांनीच त्याला प्राथमिक म्हटले. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. जो संशोधक आपल्या साक्षीची मर्यादा स्वतःच सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

याच ठिकाणी पाचव्या एका गोष्टीचा उल्लेख करतो, ती म्हणजे अफवा. भूकंपानंतर लातूर-नांदेडकडे घरे उभी होती, तरी रात्री रात्री वार्ता उठे: आज पुन्हा येणार, याहून मोठा येणार. माणसे अंथरुणे घेऊन रस्त्यावर येत. आम्ही हसत असू. पण 1934 सालच्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने अशाच अफवा गोळा केल्या आणि 1935 साली त्यांवर लिहिले. त्या अफवा हादरा बसलेल्या, पण नुकसान न झालेल्या भागातल्या होत्या. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन पंडिताला त्यांत एक कोडे दिसले: भ्यालेली माणसे आणखी भिवविणारी वार्ता का पसरवतात? त्याने उत्तर दिले, की भीती आधीच मनात असते. डोळ्यांपुढे काही मोडलेले नसते. मग त्या भीतीला शोभेल असे कारण मन शोधते. 1957 साली त्याने जो प्रसिद्ध सिद्धान्त मांडला, त्याच्या उगमाशी बिहारच्या या अफवा आहेत. म्हणजे जे आपण वेडगळ बोलणे म्हणून झटकून टाकतो, तेही जपून टिपले तर साक्ष होते. भूकंपाविषयी ती खोटी असते, मनाविषयी खरी असते.

मग निष्कर्ष काय काढावा? सगळेच साक्षीदार कच्चे, म्हणून शास्त्रच नको, असे म्हणणारा माणूस सावकाराच्या फायद्याचे बोलतो. आकडा नसेल तर दुःख नाहीच, असे म्हणायला तो मोकळा होतो. हमालीचा दर वाढवून घेताना मी स्वतः आकडे घेऊनच बसतो. माझे म्हणणे एवढेच, की एका साक्षीवर माणसाचा निकाल करू नये. मापाडी माप घालण्याआधी रिकामा काटा पाहतो, तसे साक्षीदाराचे हितसंबंध आधी पाहावेत. स्वतःचे सांगणे, जवळच्यांचे सांगणे, दप्तर आणि प्रत्यक्ष वागणे ही चारही एकमेकांशी ताडून पाहावीत. जेथे ती जुळतात तेथे पाऊल टाकावे. जेथे जुळत नाहीत तेथे थांबावे, कारण तेथेच काहीतरी लपलेले असते.

आणि आपण, श्रोतेहो, या व्यवहारात नुसते प्रेक्षक नाही. आपल्यातले कोणी शिक्षक आहेत, कोणी तलाठी, कोणी परिचारिका, कोणी आशाताई. उद्या कोणाला पंच म्हणून बसावे लागेल. कोणाच्या दारी प्रश्नावली येईल. तेव्हा कोण विचारतो, कशासाठी, कागद कोठे जाणार, हे विचारण्याचा आणि नको असल्यास उत्तर न देण्याचा आपला हक्क आहे. पण उत्तर दिले तर खरे द्यावे, आणि लिहिणाऱ्याने ऐकले तेच लिहावे. सगळे शास्त्र शेवटी त्या एका ओळीवर उभे असते.

माझ्या त्या सहीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. अर्ज फेटाळला गेल्यावर मी त्या बाईबरोबर कचेरीत गेलो आणि म्हटले, पंच मी होतो, माझे सांगणे चुकीचे होते. कागदावर जे आहे ते आहे, असे उत्तर मिळाले. बाहेर पिंपळाखाली मी तिची माफी मागितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, कागद ऱ्हाऊ द्या. पर माझं लेकरू मोठं झालं, की त्याला खरं सांगा. नाहीतर त्याला वाटंल, बाप पोटदुखीला भ्याला." तो मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले: कर्ज, जागरणे, पोत्यावर बसून पाहत राहणे, आणि मी ते पाहूनही "काय झालं रे?" असे एकदाही न विचारणे. पंचनामा खोटा लिहिणे ही माझी दुसरी चूक होती. पहिली चूक, माणूस हयात असताना त्याची साक्ष घेतली नाही, ही.

म्हणून विनंती करतो. आपल्या घरात, आळीत, कामाच्या जागी कोणी असे गप्प झालेले दिसले, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. आपल्याला पेलणार नाही असे वाटले तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हयात माणसाच्या तोंडून आलेला एक शब्द कोणत्याही पंचनाम्यापेक्षा मोलाचा आहे.